अमेरिकेतले देश आणि त्यांची पहिली पुस्तकं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथे ‘अमेरिका’ म्हणजे फक्त युनायटेड स्टेट्स का?

नाही. कॅनडापासून चिलीपर्यंत दोन्ही खंड इथे धरले आहेत. आपण इंग्रजीतून शिकलो, त्यामुळे न्यू इंग्लंडचे प्युरिटन, म्हणजे तिथे वसलेले कडवे प्रोटेस्टंट इंग्रज, आपल्या ओळखीचे असतात. पेरू, ब्राझील, हैती राहून जातात. खरं सांगायचं तर या विषयातली जास्त मजा दक्षिणेकडेच आहे.

साहित्याने राष्ट्र घडवलं म्हणतात, ते कितपत खरं?

अर्धंच खरं. बहुतेक वेळा झालं ते उलट. देश आधी उभा राहिला, मग त्याला पूर्वजांची गरज भासली आणि जुन्या कागदांतून सोयीचं पुस्तक वर काढलं गेलं. ज्यांनी ते लिहिलं, त्यांच्या स्वप्नातही तो देश नव्हता. कधी लेखक परका, कधी लिहून झाल्यावर देश सोडून गेलेला, तर कधी त्या देशाने गुलाम करून ठेवलेला. एखादं पुस्तक ‘राष्ट्रीय’ ठरवलं गेलं की ते कोणी, कधी आणि कशासाठी ठरवलं, हे आधी विचारावं. पुढची बरीचशी उत्तरं याच प्रश्नाभोवती फिरतात.

पण प्युरिटनांना तर आपण नवा देश वसवतोय हे ठाऊक होतं ना?

त्यांना देश नव्हे, धर्मनिष्ठ वसाहत वसवायची होती. मॅसॅच्युसेट्स वसाहतीचा गव्हर्नर जॉन विन्थ्रॉप याचं 1630 चं प्रवचन घ्या. ‘डोंगरावरचं शहर’ ही बायबलमधली प्रतिमा त्यात आहे, आणि अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या भाषणांतून ती आपण ऐकलेली असते. केनेडींनी 1961 मध्ये ती वापरली, रेगन यांनी तर त्या शहराला ‘झळाळतं’ हे विशेषण जोडून टाकलं. मूळ प्रवचनात बढाई नाही, धाक आहे: सगळ्यांचे डोळे आपल्यावर आहेत, देवाला दिलेलं वचन मोडलं तर जगभर छी-थू होईल. शिवाय प्रवचनाची सुरुवातच मुळी देवाने काहींना श्रीमंत आणि काहींना गरीब का केलं इथून होते. हे प्रवचन पहिल्यांदा छापलं गेलं 1838 मध्ये, म्हणजे दोनशे आठ वर्षांनी. तोवर अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध, राज्यघटना सगळं उरकलेलं होतं. ज्या मजकुराने राष्ट्र घडवलं असं सांगतात, तो राष्ट्र घडताना जवळपास कोणाच्या वाचनात नव्हता.

विल्यम ब्रॅडफर्डच्या हस्तलिखिताची कथाही अशीच. प्लिमथ वसाहतीच्या या गव्हर्नरने लिहिलेला इतिहास स्वातंत्र्ययुद्धाच्या सुमारास बॉस्टनमधून नाहीसा झाला आणि 1855 मध्ये लंडनच्या बिशपच्या ग्रंथसंग्रहात सापडला. 1856 मध्ये छापला गेला, मूळ प्रत मॅसॅच्युसेट्सला परत मिळाली 1897 मध्ये. दरम्यान देशात यादवी युद्ध पेटलं होतं आणि 1863 मध्ये लिंकनने थँक्सगिव्हिंगचा, म्हणजे देवाचे आभार मानून एकत्र जेवण्याचा, राष्ट्रीय दिवस जाहीर केला. फुटू पाहणाऱ्या देशाला एका पंगतीची गोष्ट हवी होती, आणि पुस्तक अगदी वेळेवर हाती आलं होतं. ब्रॅडफर्डला दिसलेलं ‘ओसाड रान’ मुळात ओसाड नव्हतं. 1616 ते 1619 च्या साथीत मूळ रहिवाशांचं पटक्सेट गाव मरून गेलं होतं, त्याच गावाच्या जागेवर प्लिमथ उभं राहिलं.

एखादं पुस्तक खरंच त्या क्षणी कामी आलं, असं उदाहरण आहे का?

आहे. थॉमस पेनचं ‘कॉमन सेन्स’, जानेवारी 1776. पेन इंग्रज होता आणि फिलाडेल्फियात उतरून त्याला जेमतेम सव्वा वर्ष झालं होतं. तोवर वसाहतींमधली तक्रार असायची ब्रिटिश संसदेविरुद्ध. राजा मात्र भला माणूस, त्याचे सल्लागार वाईट, असा सूर. पेनने थेट राजालाच धरलं. एका बेटाने अख्ख्या खंडावर कायमचं राज्य करावं ही कल्पनाच हास्यास्पद आहे, असं त्याने लिहिलं, आणि तेही लॅटिन वचनांचा मारा न करता, दुकानदाराला आणि सुताराला कळेल अशा भाषेत. सहा महिन्यांत स्वातंत्र्याचा जाहीरनामा आला.

या पेनचा महाराष्ट्राशी संबंध आहे आणि तो ओढूनताणून जोडलेला नाही. जोतीराव फुल्यांनी तरुणपणी पेनचं ‘राइट्स ऑफ मॅन’ वाचलं होतं. पुढे 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध करताना त्यांनी ते अमेरिकेतल्या, गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केलं. अमेरिकेने मात्र पेनला लवकरच टाकलं. धर्मावर टीका केल्यामुळे तो नकोसा झाला आणि 1809 मध्ये त्याच्या अंत्यविधीला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसं होती.

स्वातंत्र्य मिळाल्यावर लोकांना लगेच ‘आपण अमेरिकन’ असं वाटू लागलं का?

अजिबात नाही, आणि हे सगळ्यात गमतीदारपणे सांगितलंय वॉशिंग्टन अर्विंगने ‘रिप व्हॅन विंकल’मध्ये. बायकोच्या कटकटीला कंटाळलेला रिप डोंगरात जातो, अनोळखी लोकांची दारू पितो आणि वीस वर्षं झोपतो. मधल्या काळात स्वातंत्र्ययुद्ध होऊन गेलेलं असतं. उठून गावात येतो तर खाणावळीची पाटी बदललेली. पाटीवर पूर्वी इंग्लंडचा राजा तिसऱ्या जॉर्जचा तांबडा, गुबगुबीत चेहरा होता. चेहरा अजून तोच आहे, पण लाल कोटाचा निळा-पिवळसर झालाय, हातात राजदंडाऐवजी तलवार आलीय, डोक्यावर सैनिकी टोपी चढलीय आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलंय: जनरल वॉशिंग्टन. त्या दिवशी नेमकी निवडणूक. कोणत्या पक्षाचा, असं लोक विचारतात आणि हा बापडा सांगतो, मी राजाचा एकनिष्ठ प्रजाजन. ‘फितूर! हेर!’ म्हणून गलका होतो.

पाटी तीच आणि चेहराही तोच, फक्त कपडे बदलले. क्रांतीबद्दल इतकी खोचक गोष्ट एका पाटीवर लिहिता येते हे मला अजूनही भारी वाटतं. पहिली खरी अमेरिकन गोष्ट म्हणून जिचा गौरव होतो ती अर्विंगने इंग्लंडमध्ये, बर्मिंगहॅमला बहिणीच्या घरी बसून लिहिली आणि तिचा सांगाडा एका जर्मन लोककथेतून उचलला. ती 1819 मध्ये आली. पुढच्याच वर्षी सिडनी स्मिथ या इंग्रज समीक्षकाने ‘अमेरिकन पुस्तक वाचतो कोण?’ असा टोमणा मारला. तो अमेरिकनांना इतका झोंबला की पुढची कित्येक वर्षं ते त्याला उत्तर देत राहिले.

नोआ वेबस्टरच्या शब्दकोशाचा इथे काय संबंध?

इंग्रजांशी नातं तोडायचं तर त्यांचं स्पेलिंग तरी का ठेवा, असा त्याचा हिशेब. त्याचं अंकलिपीवजा पुस्तक 1783 चं, मोठा कोश 1828 चा. दक्षिणेत आंद्रेस बेल्यो या चिलीत स्थायिक झालेल्या पंडिताने 1847 मध्ये स्पॅनिशचं व्याकरण लिहिलं ते मात्र नेमक्या उलट्या काळजीने: नव्या देशांची स्पॅनिश फुटून एकमेकांना न कळणाऱ्या बोली होऊ नयेत. दोघांपैकी मला बेल्यो जास्त शहाणा वाटतो.

मूळ रहिवाशांचं या साहित्यात काय झालं?

त्यांना नायक केलं आणि मारून टाकलं. जेम्स फेनिमोर कूपरचं ‘द लास्ट ऑफ द मोहिकन्स’ 1826 चं. त्यातला मोहिकन शूर, उमदा, आणि मुख्य म्हणजे ‘शेवटचा’. वाचकाने डोळे पुसायचे आणि जमीन आता आपली हे गृहीत धरायचं. चारच वर्षांनी, 1830 मध्ये, मूळ रहिवाशांना मिसिसिपीच्या पश्चिमेला हाकलण्याचा कायदा झाला. मोहिकन संपले नव्हते. त्यांचे वंशज आजही विस्कॉन्सिनमध्ये आहेत.

त्याच काळात पेक्वॉट जमातीचा विल्यम एपेस स्वतः लिहीत होता. 1829 मध्ये त्याचं आत्मचरित्र आलं आणि 1836 मध्ये बॉस्टनमध्ये त्याने मेटाकॉम या सरदारावर भाषण दिलं. मेटाकॉमला इंग्रज ‘किंग फिलिप’ म्हणत. त्यांच्याशी लढताना तो 1676 मध्ये मारला गेला होता. एपेसने त्याला वॉशिंग्टनच्या पंक्तीला बसवलं आणि सांगितलं की 22 डिसेंबर, म्हणजे पिलग्रिम (प्लिमथ वसवणारे इंग्रज) उतरले तो दिवस, आणि 4 जुलै हे आमच्यासाठी सुतकाचे दिवस आहेत. कूपर शाळाशाळांत गेला. एपेस पुन्हा वाचला जायला विसाव्या शतकाची अखेर उजाडली.

चिलीतला प्रकार तर आणखी चकित करणारा. अलोन्सो दे एर्सिया हा स्पॅनिश सैनिक तिथल्या मूळ रहिवासी मापुचे लोकांशी लढायला आला आणि ‘ला आराउकाना’ हे महाकाव्य लिहून बसला (तीन भाग: 1569, 1578, 1589). प्रस्तावनेत तो म्हणतो, कागद नसे तेव्हा चामड्यावर लिहिलं, कधी पत्रांच्या चिठोऱ्यांवर, ज्यावर सहा ओळीही मुश्किलीने मावायच्या. काव्य स्पेनच्या राजाला अर्पण केलेलं, पण वाचून मनात राहतात ते शत्रूचे वीर, लाउतारो आणि काउपोलिकान. अडीचशे वर्षांनी सान मार्तिन आणि ओहिगिन्स स्पेनविरुद्ध लढले तेव्हा त्यांच्या गुप्त संघटनेचं नाव होतं लाउतारो लॉज. 1841 मध्ये बेल्योने या काव्याला चिलीच्या स्थापनेच्या महाकाव्याचा मान दिला. आणि मग 1861 ते 1883 या काळात त्याच चिलीच्या सैन्याने त्याच मापुचे लोकांचा प्रदेश बळाने घेतला. लाउतारोचं नाव मुलांना ठेवायचं, आणि लाउतारोच्या नातवंडांची जमीन लिलावात काढायची. यात कोणाला विसंगती दिसली नाही असं नाही, पण ती दिसणाऱ्यांच्या हाती सत्ता नव्हती.

कोलंबसाच्या आधी इथे साहित्य नव्हतंच का?

होतं, पण बरंच जाळलं गेलं. वाचलेल्यांत सगळ्यात मोठं नाव ‘पोपोल वूह’. ग्वाटेमालाच्या किचे माया लोकांचं हे कथन सोळाव्या शतकात रोमन लिपीत उतरवलं गेलं, आणि आज आपल्याकडे आहे ती फ्रान्सिस्को हिमेनेस या पाद्रीने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला चिचिकास्तेनांगोत केलेली नक्कल. एका रकान्यात किचे, शेजारी स्पॅनिश. ती प्रत सध्या शिकागोच्या न्यूबेरी ग्रंथालयात आहे.

यात देव माणूस घडवताना दोनदा चुकतात. चिखलाची माणसं विरघळतात. लाकडाची माणसं टिकतात, पण त्यांना काळीज नसतं; मग एक दिवस त्यांची भांडीकुंडी त्यांच्यावर उलटतात. पाटा म्हणतो, रोज पहाटेपासून आमची तोंडं घासलीत, आता आमची पाळी. तवा आणि मडकी म्हणतात, आम्हाला विस्तवावर ठेवलंत. कुत्रे उपाशी ठेवल्याचा हिशेब मागतात. शेवटी मक्याच्या पिठापासून खरी माणसं होतात. विसाव्या शतकात ग्वाटेमालाने याला आपला राष्ट्रीय ग्रंथ म्हणून मान दिला. त्याच शतकात, 1960 ते 1996 चाललेल्या यादवीत, मारल्या गेलेल्यांत बहुसंख्य माया होते.

पुस्तकाची सत्तेला खरंच भीती वाटली, असं कधी झालं का?

पेरूमध्ये झालं. इंका गार्सिलासो दे ला वेगा 1539 मध्ये कुस्कोत जन्मला, आई इंका राजघराण्यातली, बाप स्पॅनिश कप्तान. विशीत स्पेनला गेला तो परत आला नाही. म्हातारपणी आईकडच्या मामा-आजोबांनी सांगितलेल्या आठवणींवरून त्याने इंका राज्याचा इतिहास लिहिला. तो 1609 मध्ये लिस्बनमध्ये छापला गेला. इतिहास म्हणून त्यात गोडवा बराच मिसळलाय. पण पावणेदोनशे वर्षांनी कुस्कोच्या परिसरातले सुशिक्षित इंका वंशज तो वाचत होते, आणि 1780 मध्ये त्यांच्यातल्याच दुसऱ्या तुपाक अमारूने बंड केलं. बंड मोडल्यावर स्पेनच्या सरकारने या पुस्तकावर बंदी घातली. राजनिष्ठ माणसाने लिहिलेलं, राजाच्या परवानगीने छापलेलं पुस्तक!

गुलामांनी किंवा बायकांनी काही लिहिलं का?

फिलिस व्हीटलीचं नाव माहीत असायलाच हवं. सात-आठ वर्षांची असताना, 1761 मध्ये, आफ्रिकेतून बॉस्टनला आणून विकली गेली. ‘फिलिस’ हे तिला आणणाऱ्या जहाजाचं नाव. 1773 मध्ये तिच्या कविता लंडनमध्ये छापल्या गेल्या, सोबत बॉस्टनच्या अठरा प्रतिष्ठितांनी सही करून दिलेली ग्वाही की या खरोखर तिच्याच आहेत. 1775 मध्ये तिने वॉशिंग्टनवर कविता लिहिली. अमेरिकेला ‘कोलंबिया’ देवीच्या रूपात उभं करणाऱ्या सुरुवातीच्या कवितांपैकी ती एक. वॉशिंग्टनने आभाराचं पत्र पाठवलं. जेफरसनने मात्र हिला कवी म्हणताच येणार नाही असं लिहून ठेवलं. 1784 मध्ये ती हलाखीत वारली. देशाला देवीचं रूप देणारी बाई त्या देशाच्या व्याख्येतच बसत नव्हती.

मेक्सिकोत सोर हुआना ही जोगीण (1648–1695). बाईने शिकावं की नाही यावर बिशपला तिने 1691 मध्ये दिलेलं उत्तर आजही ताजं आहे. तिचा चेहरा आता शंभर पेसोंच्या नोटेवर आहे. हयातीत मात्र तिला शेवटी लेखणी खाली ठेवावी लागली.

अर्जेंटिनाचं ‘मार्तिन फिएरो’ इतकं महत्त्वाचं का?

कारण ‘राष्ट्रीय पुस्तक’ कसं निवडलं जातं ते इथे उघड्यावर दिसतं. दोन उमेदवार होते. पहिलं ‘फाकुंदो’, 1845. दोमिंगो सार्मिएंतोने चिलीत परागंदा असताना लिहिलेलं. त्याचं म्हणणं: शहर म्हणजे संस्कृती, पंपाचं गवताळ माळरान म्हणजे रानटीपणा, आणि त्या माळावरचा घोडेस्वार गुराखी, गाउचो, हा देशाच्या वाटेतला अडथळा. 1861 मध्ये त्याने सेनापती मित्रेला कळवलं की गाउचोंचं रक्त सांडताना काटकसर करू नका. हाच माणूस 1868 मध्ये राष्ट्राध्यक्ष झाला आणि त्याने देशभर शाळाही काढल्या. माणसं अशी सरळ रेषेत नसतात.

दुसरं ‘मार्तिन फिएरो’, 1872, सार्मिएंतोचा विरोधक होसे एर्नांदेस याचं. एका गाउचोला जबरदस्तीने सरहद्दीवरच्या सैन्यात भरती करतात. पळून परत येतो तर घर मोडलेलं, बायको-मुलं परागंदा. तो दारू पिऊन खून करतो, फरार होतो. पकडायला आलेल्या शिपायांतला सार्जंट क्रूस त्याचं धैर्य बघून ऐन लढाईत त्याच्या बाजूला येतो. हे काव्य स्वस्त पुस्तिकेत निघालं आणि माळरानावरच्या दुकान-गुत्त्यांत किराण्याबरोबर विकलं गेलं. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना दुसरा कोणी मोठ्याने वाचून दाखवी. 1879 च्या दुसऱ्या भागात फिएरो आणि एक कृष्णवर्णीय गायक यांची गाण्यातली जुगलबंदी आहे. गिटार घेऊन एकमेकांना कोडी घालायची ही ‘पायादा’ आपल्या कलगी-तुऱ्याच्या सवाल-जवाबासारखी. हा गायक फिएरोने पहिल्या भागात मारलेल्या माणसाचा भाऊ असतो, हे ऐकणाऱ्याला हळूहळू उमगतं.

शहरी पंडितांनी बराच काळ याला गावरान वाङ्मय म्हणून बाजूला ठेवलं. मग 1913 मध्ये कवी लेओपोल्दो लुगोनेसने ब्यूनोस आयर्सच्या ओदेओन नाट्यगृहात व्याख्यानं दिली आणि हेच आमचं राष्ट्रीय महाकाव्य असं जाहीर केलं. श्रोत्यांत खुद्द राष्ट्राध्यक्ष. तेव्हाच का? 1914 च्या जनगणनेत देशातले जवळपास तीस टक्के लोक परदेशात जन्मलेले होते, त्यात इटालियन आणि स्पॅनिश सर्वाधिक. कारखान्यांत संप, रस्त्यावर अराज्यवादी. या गर्दीपुढे ‘अस्सल’ अर्जेंटिनी माणूस उभा करायचा होता. खरा गाउचो तोवर तारेच्या कुंपणांनी आणि भरतीने संपवलेला, त्यामुळे त्याची पूजा करणं सोयीचं होतं. आज एर्नांदेसचा जन्मदिवस, 10 नोव्हेंबर, तिथे परंपरा दिन म्हणून पाळतात. अर्जेंटिनाचाच लेखक बोर्हेस म्हातारपणी म्हणत राहिला की ‘फाकुंदो’ निवडलं असतं तर देशाचं भलं झालं असतं. मला ते पटत नाही. फरारी सैनिकाला नायक मानणाऱ्या देशात निदान पोलिसांवर शंका घ्यायची सवय तरी राहते.

ब्राझीलची सुरुवात एका पत्राने होते, हे खरं का?

हो, आणि त्या पत्राचा पत्ता चुकून आपल्या दिशेने जातो. 1500 मध्ये काब्राल या पोर्तुगीजाचं आरमार निघालं होतं कालिकतला, वाटेत ब्राझीलचा किनारा लागला. कारकून पेरो वाझ दे कामिन्याने 1 मे रोजी राजाला सविस्तर पत्र लिहिलं: किनाऱ्यावरची माणसं, त्यांचे रंगवलेले देह, त्यांचा मोकळेपणा. शेवटी, संधी साधून, साओ तोमे बेटावर हद्दपार असलेल्या जावयाला परत आणावं अशी विनंती. मग आरमार पुढे गेलं आणि कामिन्या त्याच वर्षअखेरीस कालिकतच्या दंगलीत मारला गेला. पत्र छापलं गेलं 1817 मध्ये, स्वातंत्र्याच्या पाच वर्षं आधी, आणि देशाचा ‘जन्मदाखला’ ठरलं.

पुढे कादंबरीकार जोझे दे अलेंकारने ‘ओ ग्वारानी’ (1857) आणि ‘इरासेमा’ (1865) मधून मूळ रहिवासी आणि पोर्तुगीज यांच्या प्रेमातून ब्राझील जन्मल्याची कथा रचली. गुलामगिरी 1888 पर्यंत चालू होती, तिचा या कथेत मागमूस नाही. अलेंकार राजकारणात गुलामगिरीच्या बाजूने होता, तेव्हा त्यात नवल नाही.

हैती आणि कॅनडा?

हैतीचं पहिलं राष्ट्रीय वाङ्मय म्हणजे 1 जानेवारी 1804 चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा. तो लिहिणाऱ्या बोआरों-तोनेरने म्हटलं होतं की यासाठी गोऱ्याची कातडी कागद म्हणून, कवटी दौत म्हणून आणि संगीन लेखणी म्हणून हवी. गुलामांनी जिंकलेल्या देशाकडून सौम्य भाषेची अपेक्षा करणाऱ्यांनी आधी उसाच्या मळ्यांचा इतिहास वाचावा.

कॅनडात चीड कामी आली. 1839 मध्ये लॉर्ड डरहॅम या ब्रिटिश अधिकाऱ्याने अहवालात लिहिलं की फ्रेंच कॅनडियनांना ना इतिहास, ना साहित्य. फ्रांस्वा-झाविए गार्नो हा फ्रेंच कॅनडियन पेटून उठला आणि 1845 पासून त्याने कॅनडाचा इतिहास खंडाखंडाने काढला.

वाचायला सुरुवात कुठून करू?

‘रिप व्हॅन विंकल’ एका बैठकीत होतं आणि इंग्रजीत आंतरजालावर फुकट मिळतं. मग ‘पोपोल वूह’चा चांगला अनुवाद. त्यानंतर एपेसचं भाषण. स्पॅनिश येत नसेल तरी ग्वामान पोमा बघा: पेरूच्या या माणसाने 1615 च्या सुमारास स्पेनच्या राजाला उद्देशून जवळपास बाराशे पानं लिहिली, त्यात 398 चित्रं. एका चित्रात इंका राजा ताटातल्या सोन्याकडे बोट दाखवून स्पॅनियार्डला विचारतो, हे सोनं तुम्ही खाता का? तो म्हणतो, हो, हेच खातो. हे हस्तलिखित 1908 मध्ये कोपनहेगनच्या राजेशाही ग्रंथालयात उजेडात आलं आणि आता त्यांच्या संकेतस्थळावर पानन् पान बघता येतं.

कूपर शेवटी ठेवा. त्याची वाक्यं जंगलापेक्षा दाट आहेत. मार्क ट्वेनने 1895 मध्ये त्याच्या लेखनदोषांची यथेच्छ धुलाई करणारा लेख लिहिला होता. तो आधी वाचलात तर कादंबरी निदान हसत हसत पार पडेल.